किलोमीटर कसले मोजताय?

सांगलीत हल्ली गल्लीगणिक एखादं पोरगं परदेशात आहे. त्यामुळे नात्यागोत्याच्या ग्रुपवर 'मुंबई ते अमुकतमुक किती किलोमीटर, किती तास' हे सारखं फिरत असतं. कुणीतरी गूगलवरून अंतर काढतो, ताशी नऊशेनं भागतो आणि पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या काकूंना छातीठोकपणे वेळ सांगून मोकळा होतो. माझ्या मते तो किलोमीटरचा आकडा काकूंच्या काडीच्याही उपयोगाचा नाही.

मुळात ते अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर भरेल तेवढं. विमान त्या दोऱ्यावरूनच जाईल असं कुणी सांगितलं?

एअर इंडियाचंच बघा. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट विमान २०१५ च्या डिसेंबरात सुरू झालं. ते अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान उलट्या अंगानं, म्हणजे पूर्वेकडं तोंड करून पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० आणि वेळ उतरला साडेचौदा तासांवर! चौदाशे किलोमीटर जास्तीचे उडून जवळपास दोन तास वाचले. कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर ताशी दोन-दोनशे किलोमीटरच्या पुढं. पावसाळ्यात कृष्णेत उडी टाकणाऱ्याला विचारा, धारेबरोबर हात मारणं काय आणि धारेविरुद्ध काय. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांवर स्वार होऊन एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी साडेसहा-सात तास लागतात.

वाऱ्यानंतर राजकारण. हेलसिंकी–टोकियो नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास होता. २०२२ मध्ये रशियानं आकाश बंद केलं आणि तो तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरं जागची हलली नाहीत हो! एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना वाट बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरवावी लागली.

तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करणारे महाभाग वेगळेच. उन्हाळ्यात पहाटे चारला दिल्लीहून निघालेलं विमान साडेचौदा तास उडून सॅन फ्रान्सिस्कोला उतरतं, तेव्हा तिथल्या घड्याळात त्याच तारखेचे सकाळचे सहा. आमच्या एका काकांनी वहीत मांडून काढलं होतं, "दोन तासांत अमेरिका!" तिकिटावर वेळ कायम त्या त्या गावची असते. एकूण तास वेगळे छापलेले असतात, ते बघा.

आणि सांगलीकराचा प्रवास मुंबईत सुरू होत नाही. पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, मग एक्सप्रेस वे. आठ तास धरा. घाटात ट्रेलर आडवा झाला तर दहा. वर तीन तास आधी विमानतळावर हजर राहायचं. (कवलापूरला विमानतळ होणार, हे किती वर्षं ऐकतोय त्यावर वेगळी पोस्ट लिहीन, डोकं शांत असताना.) परदेशातून तिकीट काढणाऱ्या पोरांना हे उमगत नाही. रात्री दोनचं विमान म्हटलं की ती सांगतात, "बाबा, संध्याकाळी निघा." अरे बाळांनो, इथून दुपारचं जेवण उरकून निघायचं म्हणजेसुद्धा धाडसच आहे.