रस्त्याची डावी कड

गेल्या मंगळवारी सकाळी साडेसातच्या सुमारास, नवी मुंबईत सानपाड्याच्या अलीकडे, बदामाच्या लालसर वाळक्या पानांच्या थरावरून जाताना माझ्या सायकलचे पुढचे चाक अचानक खाली बसले आणि हँडल हातातून निसटले. पानांखाली गटारावरची लोखंडी जाळी होती. तिच्या पट्ट्या रस्त्याला समांतर, म्हणजे चाक ज्या दिशेने जाते त्याच दिशेने बसवलेल्या होत्या आणि दोन पट्ट्यांमधली फट माझ्या टायरपेक्षा थोडी अधिक रुंद होती. वेग फारसा नव्हता आणि मागून येणारी बस अजून लांब होती, म्हणून डावा गुडघा आणि तळहात खरचटण्यावर निभावले. उठून चाक बाहेर काढले, फिरवून पाहिले, तर रिम किंचित वाकली होती आणि प्रत्येक फेऱ्याला ब्रेकच्या रबराला घासत होती.

समोरच्या बाजूने कचऱ्याची ढकलगाडी घेऊन एक मावशी आल्या. त्यांनी आधी माझ्या हातावर पाणी ओतले आणि मग त्या म्हणाल्या, "दादा, ही पानं मी पहाटेच उचलली होती. तासाभरात परत एवढीच पडतात या दिवसांत. आणि या जाळीत माझ्या गाडीचं चाक पण रोज अडकतं." त्यांनी हाताने हवेत रेघ ओढून पट्ट्या कशा आडव्या असायला हव्या होत्या हेही दाखवले. इतक्या साध्या गोष्टीचे इतके नेमके निदान मी आजवर दुसऱ्या कोणाकडून ऐकलेले नाही.

मी चार वर्षांपासून कोपरखैरणेहून बेलापूरला कामावर सायकलने जातो. एका बाजूचे अंतर साधारण १४ किलोमीटर आहे आणि सकाळी मला पन्नास मिनिटे लागतात. दरवर्षी एक गोष्ट पाहतो. डिसेंबर-जानेवारीत वाटेत भेटणारे, हात उंचावून ओळख देणारे नोकरदार सायकलस्वार फेब्रुवारी सरताना एकेक करून दिसेनासे होतात. विचारले की सगळे ऊन वाढले असे सांगतात. ते खोटे नाही, पण माझ्या मते ते अर्धेच कारण आहे. उन्हावर उपाय असतो, वेळ बदलता येते, कपडे बदलता येतात. ज्या दीड-दोन हातांच्या पट्टीवरून सायकल चालवायची असते, ती रस्त्याची डावी कड या दिवसांत सर्वांत वाईट अवस्थेत असते, आणि तिथे रोज जीव मुठीत धरून चालवण्याचा कंटाळा माणसाला शेवटी सायकल भिंतीला टेकवून ठेवायला लावतो. या कडेविषयी कोणी फारसे बोलत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी ऋतूविषयी. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते असे आपण म्हणतो, आणि सायकलवर बसणाऱ्याला हे जाणे अक्षरशः अंगावर कळते. माघाच्या सुरुवातीला घरातून निघताना पातळ जर्किन लागते, वाशीपर्यंत ते अंगावर राहते आणि सानपाड्याला काढून कॅरिअरला बांधावे लागते. पंधरा दिवसांनी तेच जर्किन कोपरखैरणेतच काढावेसे वाटते. फेब्रुवारीच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सकाळी सातनंतर उगवतो, त्यामुळे सव्वासातला निघालो तर वाशीपर्यंतचा प्रवास कोवळ्या उजेडात होतो आणि तेवढा वेळ या शहरात राहण्याचे समाधान वाटते. संध्याकाळी मात्र डांबर दिवसभराची धग परत देत असते. २०२५ साली फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच हवामान विभागाने मुंबई, ठाणे आणि रायगडसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंशांपर्यंत जाऊन सरासरीच्या साडेचार अंश किंवा अधिक वर गेले की लाट मानली जाते. ज्या आठवड्यात आपण स्वेटर धुऊन ठेवायला काढतो, त्याच आठवड्यात असा इशारा यावा याची मला खरोखर काळजी वाटते. त्या दिवसांत मी संध्याकाळी साडेसहाच्या आधी कार्यालयातून निघालो नाही, बाटलीत लिंबू, मीठ आणि साखर घातलेले पाणी ठेवले आणि वाटेत दोनदा सावलीत थांबलो. सावली शोधायला मात्र लागली, कारण माझ्या वाटेवरच्या पाम बीच रस्त्याचा बराचसा भाग उघडा आहे.

वाऱ्याचे गणित मला शाळेत पाठ होते, पण समजले ते सायकलवर. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात, आणि दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे येतात. या दिवसांत पूर्वेकडचे वारे जोरात असले की खारे वारे उशिरा सुरू होतात आणि तेवढा वेळ पारा चढत राहतो, म्हणून आपल्याकडे फेब्रुवारीची दुपार कधीकधी इतकी भाजते. पाम बीच रस्ता वाशीकडून बेलापूरकडे साधारण आग्नेयेला जातो. त्यामुळे सकाळी वारा कुशीवर असतो, फारसा अडवत नाही. परतताना तोंड वायव्येला आणि खारे वारेही तिकडूनच, म्हणजे नेरूळपासून सानपाड्यापर्यंत पूर्ण वेळ छातीवर वारा घेत पायडल मारावे लागतात. सकाळचे पन्नास मिनिटांचे अंतर संध्याकाळी तासावर जाते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की सकाळच्या वेळेवरून संध्याकाळचा अंदाज बांधू नका, दमणूक आपल्या अंगात नसून वाऱ्यात आहे, आणि एक गिअर हलका टाकून, वेळेचा हट्ट सोडून चालवा.

हवेविषयीही एक अडचण आहे. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. त्या झाकणाखाली धूर आणि धूळ अडकून राहते आणि ऊन चढल्यावरच ती विरते. म्हणजे सकाळी लवकर निघावे तर धुरकट हवा, उशिरा निघावे तर ऊन. मी लवकर निघणे पसंत करतो, पण बांधकामांच्या पट्ट्यातून जाताना तोंडाला मास्क लावतो आणि तिथे वेग मुद्दाम कमी ठेवतो, कारण दम लागला की माणूस तोंडाने श्वास घेतो आणि मग सगळे आतच जाते.

आता त्या डाव्या कडेकडे येतो. शिशिर म्हणजे पानगळ. बदाम, पिंपळ, पर्जन्यवृक्ष या सगळ्यांची पाने याच दिवसांत गळतात आणि वाहनांच्या झोताने ढकलली जाऊन कडेला साचतात. चारचाकीची चाके जिथून जातात तो भाग आपोआप स्वच्छ राहतो, कारण टायरच सगळे बाजूला फेकतात, आणि जे फेकले जाते ते बारीक खडी, काचेचे तुकडे, खिळे, बांधकामाच्या डंपरमधून सांडलेली रेती, ते सगळे सायकलच्या वाट्याला येते. पावसाळ्यात निदान पाणी ते वाहून नेते. या महिन्यात ते वाहून नेणारे काहीच नसते. त्यातच मार्चअखेर जवळ आल्यामुळे जिथे तिथे खोदकाम सुरू होते. केबलसाठी, पाण्याच्या वाहिनीसाठी, कधी गटारासाठी खणलेले चर बहुधा कडेलाच असतात, आणि माती लोटून बुजवलेला चर डांबराने पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे जातात. रस्ता पूर्ववत झाला असे आपण ज्याला म्हणतो, तो चारचाकीच्या चाकाला पूर्ववत असतो. सायकलच्या चाकाला दोन बोटांची पायरीसुद्धा पुरते. नवीन डांबराचा थर घालताना तो कडेपर्यंत न नेता हातभर आधी थांबवला की तिथे जी लांबच लांब धार तयार होते, तिच्यावरून डावीकडून उजवीकडे चढताना चाक घसरते, आणि घसरणारा माणूस नेमका मागून येणाऱ्या वाहनापुढे पडतो. यात सायकलस्वाराच्या कौशल्याचा काही प्रश्न नाही. त्यावर उभ्या केलेल्या गाड्या, कडेने उलट दिशेने येणारे दुचाकीस्वार आणि थांब्याआधीच आडव्या लागणाऱ्या रिक्षा आहेतच, त्यांविषयी सगळ्यांना ठाऊक आहे.

नेरूळला टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या परिसरात याच दिवसांत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात खातात आणि भरती आली की पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात, त्यामुळे रस्त्यावरून जाता जाता मला भरतीची वेळ कळते. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, याचा मला नवी मुंबईकर म्हणून अभिमान आहे. मात्र हे पक्षी पाहायला येणाऱ्यांनी आपली गाडी अर्धी रस्त्यावर, अर्धी कडेवर उभी करू नये आणि रस्त्याच्या बाजूचा दरवाजा उघडण्याआधी मागे एकदा पाहावे, एवढी माझी मनापासून विनंती आहे. उघड्या दरवाज्याला चुकवण्यासाठी सायकलस्वाराला भरधाव गाड्यांच्या मार्गिकेत जावे लागते.

एक गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. सायकलविषयी बोलताना आपल्या डोळ्यांसमोर रविवारी सकाळी रंगीत जर्सी घालून निघणारा गट येतो. त्यांच्याविषयी मला आपुलकीच आहे, मीही कधी त्यांच्यात असतो. पण आठवड्याच्या सहाही दिवशी, बाराही महिने सायकलने कामावर जाणारी माणसे वेगळी आहेत. पहाटे वर्तमानपत्रांचे गठ्ठे वाहणारी मुले, रात्रपाळी संपवून परतणारे सुरक्षारक्षक, कॅरिअरला थापी आणि ओळंबा बांधून मजूर नाक्यावर पोहोचणारे गवंडी, मागे इडलीचे भांडे बांधून भोंगा वाजवत फिरणारे अण्णा. त्यांच्या सायकलींना गिअर नसतात आणि डोक्यावर हेल्मेट नसते. वाशीत रोज भेटणाऱ्या एका इडलीवाल्या अण्णांना मी एकदा विचारले की तुम्ही या वळणावर उतरून सायकल हातात धरून का चालता. त्यांनी सांगितले की तिथे गटाराची जाळी आहे, एकदा भांडे कलंडले होते आणि त्या दिवसाची सगळी कमाई गेली, तेव्हापासून ते उतरतात. ऊन वाढले म्हणून सायकल सोडून देण्याची मुभा मला आहे, माझ्याकडे लोकलचा पास आहे. त्यांना ती नाही. म्हणून एखादा देखणा सायकल ट्रॅक तयार होऊन त्याचे छायाचित्र छापून येण्यापेक्षा, असलेल्या सगळ्या रस्त्यांची डावी कड झाडलेली, सपाट आणि मोकळी असणे मला कितीतरी अधिक मोलाचे वाटते. जाळीच्या पट्ट्या आडव्या बसवायला वेगळा निधी लागत नाही, बसवताना ती जाळी काटकोनात फिरवावी लागते इतकेच.

कार्यालयात पोहोचल्यावरचा प्रश्नही आहे, पण तो मला सुटण्यासारखा वाटतो. पहिली दोन वर्षे सायकल कुठे लावायची यावरून रोज वाद व्हायचा, कारण वाहनतळावर दुचाकी आणि चारचाकी यांच्यासाठीच जागा आखलेली होती. शेवटी जिन्याखालची जागा मिळाली ती तिथल्या वॉचमन मामांमुळे. आता मी पंचा ओला करून अंग पुसतो, बॅगेतला सदरा चढवतो आणि दहा मिनिटांत कामाला बसतो. फेब्रुवारीपासून एक सदरा कार्यालयाच्या कपाटातच ठेवतो, म्हणजे पाठीवर पिशवी घ्यावी लागत नाही आणि पाठीचा घाम निम्म्याने कमी होतो. या दिवसांत साखळीला तेल कमी घालावे हेही सांगून ठेवतो. ओल्या तेलावर धूळ बसून काळा लगदा होतो आणि तो दाते झिजवतो. दोन थेंब घालून, साखळी फिरवून, वरचे तेल फडक्याने पुसून घ्यावे.

मंगळवारी संध्याकाळी कोपरखैरणेच्या सायकलवाल्या काकांनी रिम सरळ करून दिली. बुधवारी जाळीचे छायाचित्र आणि मोजमाप जोडून मी संबंधित कार्यालयात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. ज्यांच्या वाटेत अशा उभ्या पट्ट्यांच्या जाळ्या असतील त्यांनी जवळच्या खांबाचा क्रमांक किंवा दुकानाची खूण लिहून मला कळवावे, मी त्यांची एकत्र यादी करून पुन्हा देणार आहे. गुरुवारी सकाळी तिथे पोहोचलो तर मावशींनी जाळीच्या फटीत नारळाची एक झावळी उभी खोचून ठेवली होती आणि तिच्या टोकाला लाल चिंधी बांधली होती. आज शनिवारी ती थोडी वाकली आहे, पण अजून तिथेच आहे. पानेही पुन्हा साचली आहेत. माझ्या पुढे चाललेल्या एका गवंड्याने ती चिंधी लांबूनच पाहिली, मागे वळून हात दाखवला आणि सायकल उजवीकडे घेतली.