'थिएटरात आग' हा आजचा कायदा नव्हे
'भरलेल्या थिएटरात आग आग ओरडता येत नाही, अमेरिकेतला कायदा आजही हाच' हे लेखातलं वाक्य चुकीचं आहे. ते उदाहरण 1919 च्या शेंक खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होम्स यांनी भाषणस्वातंत्र्याची मर्यादा सांगताना दिलं. मूळ शब्द 'खोटंच ओरडणं' असे होते, 'भरलेल्या' हा शब्द नंतर चिकटला. आणि खटला आगीचा नव्हताच! सक्तीची लष्करभरती ही गुलामगिरीच आहे, ती रद्द करण्यासाठी अर्ज करा, असं सांगणारी पत्रकं वाटल्याबद्दल शेंकला तुरुंगात जावं लागलं. म्हणजे हे वाक्य मुस्कटदाबीच्या समर्थनार्थ आलेलं आहे, हे विसरू नये.

आजची कसोटी याच न्यायालयाच्या 1969 च्या ब्रँडनबर्ग निकालातली आहे. चिथावणीखोर बोलण्याला शिक्षा करायची तर तीन गोष्टी लागतात: बेकायदा कृत्य घडवण्याचा हेतू, ते कृत्य तत्काळ घडण्याचा धोका आणि ते खरोखर घडण्याची शक्यता. सरकारी पक्ष बहुतेकदा अडतो तो 'तत्काळ'वर. 1973 च्या हेस खटल्यात 'रस्ता नंतर ताब्यात घेऊ' अशा अर्थाचं बोलणाऱ्या निदर्शकाची शिक्षा रद्द झाली, त्यात या 'नंतर'ला मोठं महत्त्व होतं. लेखात कृपया दुरुस्ती करावी.