दहापैकी नऊ

परवा रविवारी रात्री साडेआठला, रामबागेतल्या माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत पायावर पाय टाकून बसलो असताना एका जर्मन आजींनी मला कचऱ्यावरून झापलं. मला! इंदूरच्या माणसाला!

लेक एम.एस. करायला जर्मनीला गेली, त्याचा तो पहिला दिवस. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आजी अजून तिथेच राहतात. विमान, आगगाडी, बॅगेचं निखळलेलं चाक, सगळं तिचं तिने निभावलं. माझं काम आधीच उरकलं होतं. वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो तिकडच्या खात्यात भरून ठेवावे लागतात आणि त्यातून तिला महिन्याला 992 सुटतात, म्हणजे पैसे आपले आणि पॉकेटमनी त्यांच्या हातून. त्यासाठी एफडी मोडली. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, हे मात्र निघायच्या आदल्या रात्री अकराला कळलं. मग किलोभर पेढे आम्ही तिघांनी आणि समोरच्या नानांनी बसून संपवले. त्यातला पाऊण किलो नानांनी.

तेच नाना त्या रात्री व्हिडिओ कॉलला माझ्या खांद्यावरून वाकून उभे होते. त्यांना बोलावलं नव्हतं. त्यांना कधीच बोलवावं लागत नाही.

"बाबा, इथे सगळं बंद आहे. रविवारी दुकानं उघडतच नाहीत म्हणे," लेक म्हणाली.

"रात्री तरी उघडून राहिली असतील ना? आपल्या सराफ्यातल्या खाऊच्या दुकानांसारखी?" नाना.

त्यात बॅगेत लोणच्याची बरणी फुटलेली. वर्तमानपत्रात बांधलेल्या काचा, फ्रँकफर्टच्या स्टेशनावर खाल्लेल्या दह्याचा डबा, पाण्याची रिकामी बाटली असा ऐवज घेऊन पोरगी फोनसकट खाली अंगणात गेली. तिथे चार डबे उभे होते: निळा, पिवळा, तपकिरी, काळा.

"बाबा, कशात काय टाकू?"

आता हा प्रश्न इंदूरच्या माणसाला विचारायचा असतो का? सचिनला बॅट कुठून धरतात ते विचारण्यासारखं झालं. 2017 पासून आमचं शहर स्वच्छतेत ओळीने पहिलं येत राहिलं. आम्ही घरात सहा प्रकारचा कचरा वेगळा करतो. आमची ओली सालं देवगुराडियाला जातात, तिथे दिवसाला 550 टन ओल्या कचऱ्याचा गॅस करायचा कारखाना आहे आणि त्या गॅसवर शहरात बस धावतात. माझ्या दुधीच्या सालांवर लोक राजवाड्याला जातात, साहेब! बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही त्याला आधी पोहे-जिलबी देतो आणि लगेच हे ऐकवतो. पुण्याचे मेहुणे तर आता पोहे खाऊन थेट उठतातच.

तर मी पायावरचा पाय न काढता म्हणालो, "सोपं आहे. ओला हिरव्यात, सुका निळ्यात. हिरवा नाहीये ना? मग तपकिरी ओला धर. बाकी सगळं टाक निळ्यात."

तिने टाकलं.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडल्याचा आवाज आला, मग जिन्यात सपाता. पडद्यावर एक आजी प्रकटल्या. पांढरे आखूड केस, अंगावर फुलाफुलांचा एप्रन आणि हातात लांब दांड्याचा चिमटा. तो चिमटा दाराशीच टांगलेला असणार, एरवी इतक्या लवकर चिमटा कोणाला सापडतो? त्यांनी पोरीकडे पाहिलंही नाही. सरळ निळ्या डब्यात कमरेपर्यंत वाकल्या आणि आमचा ऐवज एकेक करून वर काढायला लागल्या, विहिरीत पडलेली कळशी काढावी तसा.

"नाइन! नाइन! नाइन!"

"वा!" नाना म्हणाले. "दहापैकी नऊ देऊन राहिली आहे."

"एक कशाचा कापला?" माझ्या तोंडून निघून गेलं. नंबराची सवय, दुसरं काय.

लेक दात आवळून म्हणाली, "बाबा, नाही म्हणतायत त्या."

मग वर्ग भरला. निळ्यात कागद. फक्त कागद. दह्याचा डबा पिवळ्यात. पण तसा नाही, वरचं चंदेरी झाकण पूर्ण सोलून वेगळं करून. आजींनी ते स्वतः सोलून दाखवलं, केळं सोलावं तितक्या मायेने. पाण्याची बाटली तर कुठेच टाकायची नाही, ती दुकानात परत दिली की 25 सेंट मिळतात. ती त्यांनी पोरीच्या हातात अशी ठेवली, जणू रस्त्यावर टाकून दिलेलं मूल. आणि काचा? काचांचे वेगळे मोठे डबे कोपऱ्यावर, पांढरी, तपकिरी, हिरवी अशी रंगवार. पण आज रविवार. आज काच टाकायची नाही, आवाज होतो.

"कोणाला ऐकू जातो? सगळंच बंद आहे ना तिकडे?" नानांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो.

मग मीच मध्ये पडलो. "मॅडम, आय ॲम फ्रॉम इंदूर. क्लीनेस्ट सिटी ऑफ इंडिया!"

आजींनी पहिल्यांदा फोनकडे पाहिलं. पोरीने मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं असावं की हे माझे बाबा, निळ्यात टाका असं यांनीच सांगितलं. (हे सांगायची गरज होती का?) आजी फोनच्या इतक्या जवळ आल्या की पडद्यावर फक्त चष्मा आणि चिमट्याचं टोक उरलं. त्यानंतरचं दीड मिनिट मला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. नाना दोन पावलं मागे सरकले. खांद्यावरचं वजन उतरलं म्हणून मला ते जाणवलं.

आता हसतो मी. पण खरं सांगू? त्या रात्री झोप लागली नाही. नियम बरोबर असतील, चूक माझीच. पण वीस तास प्रवास करून आलेलं पोर, हात लोणच्याच्या तेलाने माखलेले, दारात पहिलं माणूस भेटतं ते चिमटा घेऊन. "कुठून आलीस, जेवलीस का" एवढं विचारायला कोणता डबा लागतो? बारा लाखांच्या आसपास रक्कम त्यांच्या देशात ठेवली आहे मी. एवढ्यात ग्लासभर पाणी बसायला हवं होतं.

आणि आमच्या गल्लीत तरी काय राहिलंय. नानांचा एक मुलगा पुण्यात, दुसरा टोरांटोत. दर रविवारी त्यांचा फोन येतो म्हणून ते सांगतात, पण परवाचा रविवार त्यांनी पूर्ण माझ्या खांद्यावर काढला.

सोमवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली. मी दह्याच्या डब्याचं झाकण सोलत फाटकात उभा होतो. गाडीवरचा पोरगा वैतागला, "अंकल, जल्दी करो ना, दोनों सूखे में ही जाना है."

तेवढ्यात फोन वाजला. लेकीने फोटो पाठवला होता. दाराखालून कोणीतरी सरकवलेलं रंगीत पत्रक, चारही डब्यांची चित्रं असलेलं, आणि निळ्या डब्याभोवती पेनाने तीनदा गोल केलेला. खाली तिने लिहिलं होतं, "आजींनी दिलंय. तुमच्यासाठी."