आख्खं करिअर एकाच हार्ड डिस्कवर कसं ठेवावं

गणपतीचा सीझन तोंडावर आलाय, मंडळांचे आगमनाचे ट्रॅक, रीमिक्स, कुणाच्या तरी भाच्याचं कोळीगीत, सगळं एकदम अंगावर येणार आणि तुझ्या लॅपटॉपच्या २५६ जीबीत आता चार सेल्फीपण मावत नाहीयेत. तर भावा, एक्सटर्नल हार्ड डिस्क घेच. एकच घे पण. दोन घेणारे लोक घाबरट असतात.

सरळ लॅमिंग्टन रोडला जा (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण टॅक्सीवाल्याला ते सांगत बसू नकोस) आणि एकच विचार, कमीत कमी पैशात जास्तीत जास्त किती टीबी? आतली तबकडी फिरणारी आहे की एसएसडी (चिपवाली, काहीच न फिरणारी) असल्या चौकशा नकोत. स्टुडिओ मॉनिटर, मोठा माईक, भिंतीला फोम, यावर खर्च कर कारण ते फोटोत दिसतं. डिस्क कोणाला दिसते?

घरी आलास की ती डायरेक्ट लॅपटॉपला लावू नकोस. बिनपॉवरचा यूएसबी हब (एका पोर्टाचे चार करणारा डबा, स्वतःची वीज नसलेला) घे आणि त्यात ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडतो तो डबा), मिडी कीबोर्ड, डोंगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची चावी), डिस्क आणि जमलं तर मोबाईलचं चार्जिंग असं सगळं एकत्र खुपस. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००, त्यात सगळ्यांनी ॲडजस्ट करायचं, चौथी सीट असतेच ना लोकलमध्ये. मग डिस्क मध्येच टिक टिक करून स्क्रीनवरनं गायब होते, आणि तोपर्यंत ढोलकीवाला जन्मातला बेस्ट टेक देऊन चहाला गेलेला असतो.

आता स्पीड. कोणीतरी शहाणा येऊन सांगेल की ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० चकरा मारणारी) डिस्क स्लो पडेल. त्याला हिशोब दाखव. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ केबी खातो, ५० ट्रॅक धरले तरी ७.२ एमबी, आणि जुनंपुराणं यूएसबी २.० सुद्धा ३० एमबीच्या आसपास देतं. जिंकलास! फक्त एक बारीक गोष्ट सांगू नकोस, की त्या ५० फाइल्स तबकडीवर ५० ठिकाणी पडल्यात आणि त्या वाचणारं-लिहिणारं हेड एकच आहे, बिचारं इकडनं तिकडे उड्या मारत बसतं आणि ५४०० च्या स्पीडला एक चक्कर पूर्ण व्हायलाच ११ मिलिसेकंद जातात. वर त्याच डिस्कवर सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज) पण ठेव. कॉन्टॅक्टसारखा सॅम्पलर (ते आवाज वाजवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक आवाजाची फक्त सुरुवात रॅममध्ये घेतो, बाकीचं वाजता वाजता डिस्कवरनं ओढतो, म्हणजे त्याच एका हेडला रेकॉर्डिंगही लिहायचंय, ट्रॅकही वाजवायचेत आणि व्हायोलिनची शेपटीपण आणायचीय. गाणं अडकायला लागलं की बफर (आवाज तयार करायला लॅपटॉपला मिळणारी उसंत) वाढव, प्रोसेसरला शिव्या घाल, नवीन लॅपटॉपच्या ईएमआयची चौकशी कर. डिस्कवर संशय घेऊ नकोस, ती गरीब आहे.

शिव्या मात्र डिस्कपासून लांब जाऊन घाल. सन मायक्रोसिस्टिम्स या कंप्युटर कंपनीतल्या ब्रेंडन ग्रेग नावाच्या इंजिनिअरने २००८ मध्ये डिस्कच्या रॅकसमोर अक्षरशः बोंब मारून दाखवली होती, आणि ग्राफवर डिस्कचा उत्तर द्यायचा वेळ खटकन वर गेलेला दिसतो. नुसत्या माणसाच्या ओरडण्याने. म्हणून आपली डिस्क सबवूफरच्या डोक्यावरच ठेवायची, नाशिक ढोलचा बेस चेक करताना तिलाही कळलं पाहिजे काय चाललंय.

फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत, विचारशील तर फॅट३२, सगळीकडे चालतो. एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे, पण बेंजो पार्टीचं आठ चॅनेलचं लाइव्ह रेकॉर्डिंग एकाच फाइलमध्ये घेतलंस तर ती तासाभराने येते, आणि तासभर कोण ऐकतंय.

इजेक्ट वगैरे करत बसू नकोस, विरार फास्ट चुकेल. वायर खेच आणि पळ. गाडीत बसायला मिळालंच तर लॅपटॉप मांडीवर घेऊन डिस्क परत लाव, मिक्सिंग कर. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, अंधेरीला पब्लिक आत घुसताना ते कसं तरंगतं बघ.

बॅकअप? घे की. त्याच डिस्कवर 'बॅकअप' नावाचा फोल्डर कर आणि सगळं परत त्यातच टाक. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या डिस्क, एक कॉपी दुसऱ्या घरी, हा ३-२-१ चा नियम ज्यांना दुसरं घर आहे त्यांच्यासाठी. तुझी मावशी डोंबिवलीला राहते ते सोड.

आणि विसर्जनाच्या आत डिस्क बसलीच, तर लगेच रिकव्हरीवाल्याकडे धावू नकोस, तो महाग असतो. आधी दहा वेळा लावून काढ. मग कोणीतरी सांगेलच की फ्रीजरमध्ये ठेव, तर ठेव, कोळंबीच्या बाजूला जागा कर. मुंबईच्या ऑगस्टच्या दमट हवेत बाहेर काढलीस की आतबाहेर मस्त पाणी धरेल. ती तशीच ओली लॅपटॉपला लाव आणि मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून सांग, दादा, गाणं रेडी आहे, फक्त एक्सपोर्ट मारायचं बाकी आहे, तोपर्यंत उरलेलं पेमेंट जीपे करून ठेवा.