सूज दाबली की हृदय बरं, इतकं सरळ नाही

लेख आवडला, पण हार्ट फेल्युअरमध्ये (हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही तेव्हा) रोगप्रतिकारशक्तीला थेट शत्रू ठरवून ‘ती दाबणं हाच उपाय’ म्हटलंय, ते मला पटलं नाही.

हा प्रयोग होऊन गेलाय. १९९० मध्ये गंभीर रुग्णांच्या रक्तात टीएनएफ हे दाह (म्हणजे सूज) वाढवणारं प्रथिन जास्त आढळलं, म्हणून ते अडवून पाहिलं. एटानरसेप्ट या टीएनएफ अडवणाऱ्या औषधाच्या चाचण्या फायदा दिसेना म्हणून २००१ मध्ये थांबवल्या. टीएनएफच अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबच्या मोठ्या डोसने तर मृत्यू आणि हॉस्पिटलमध्ये भरती होणं वाढलं! (संधिवातासाठी ही औषधं घेणाऱ्यांनी हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं, ही कळकळीची विनंती.)

असं का, हे मॅक्रोफेज या रोगप्रतिकारशक्तीच्या पेशींकडे पाहिलं की थोडं उमगतं. हार्ट अटॅकनंतर मेलेला स्नायू याच पेशी साफ करतात, जखम भरून व्रण पक्का करायला मदत करतात. त्यांना सुरुवातीलाच रोखलं तर व्रण कच्चा राहतो. बिघडतं ते हे काम वेळेवर थांबत नाही तेव्हा: कोलॅजन (व्रण बनवणारं तंतुमय प्रथिन) साचत जातं, हृदय ताठर होतं.

सगळी रोगप्रतिकारशक्ती न दाबता दाहाच्या एकाच दुव्यावर नेमका नेम धरला तर फरक पडतो. २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत, पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) वाढलेल्या सुमारे १०,००० जणांमध्ये, इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह वाढवणारं एकच प्रथिन अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाने पुढचे हृदयविकाराचे प्रसंग जवळपास १५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्गही किंचित वाढले. लेखात हे यायला हवं होतं.