गेम खेळवला म्हणजे माणूस तयार झाला, असे नाही

नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो: वाचलेल्यापैकी १० टक्के आणि स्वतः केलेल्यापैकी ९० टक्के लक्षात राहते, मनोरंजनातून शिकणे आपोआप होते, म्हणून रुजू होणाऱ्यांना व्हिडिओ गेम द्यावा, प्रशिक्षकाची गरज उरत नाही आणि कोण तयार झाला हे गुणांवरून कळते. प्रशिक्षणात गेम वापरले जावेत असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच या दाव्याचा प्रतिवाद करणे आवश्यक वाटते.

टक्केवारीचा निकाल लवकर लागतो. ती अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवली जाते. परंतु त्यांनी १९४६ साली मांडलेल्या अनुभवांच्या शंकूत, म्हणजे शिकण्याचे अनुभव प्रत्यक्षाकडून अमूर्ताकडे रचून दाखवणाऱ्या आकृतीत, असे आकडे नव्हतेच. ते नंतर चिकटवले गेले.

मनोरंजनाचा मुद्दा अधिक विचार करण्याजोगा आहे. संशोधक ट्रेसी सिट्झमन यांनी २०११ साली प्रशिक्षणासाठीच्या सिम्युलेशन गेमवरील, म्हणजे खऱ्या कामाची नक्कल करणाऱ्या गेमवरील, संशोधनाचे एकत्रित विश्लेषण केले. गेममधून शिकलेल्यांना कामाची पद्धत सुमारे १४ टक्के आणि माहिती सुमारे ११ टक्के अधिक अवगत झाल्याचे त्यात आढळले, आणि हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. मात्र गेम किती रंजक होता, याने शिकण्यात फरक पडला नाही. लाभ ठळक दिसला तो गेम इतर शिकवण्याला पूरक होता आणि हवा तितक्या वेळा खेळता येत होता तेव्हा. उलट ज्यांच्याशी तुलना केली त्यांनाही कृतीतून शिकवलेले असेल, तर गेमची आघाडी टिकली नाही.

प्रशिक्षक अनावश्यक ठरतो, हे तर सिम्युलेटरच्या, म्हणजे खऱ्या यंत्राची नक्कल करून सराव देणाऱ्या साधनाच्या, इतिहासाशीच विसंगत आहे. एडविन लिंक यांनी वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातील तंत्र, म्हणजे हवेचे भाते, वापरून १९२९ साली विमानोड्डाणाचा सिम्युलेटर बनवला आणि १९३४ साली अमेरिकी लष्कराने तो विकत घेतला. पुढे त्याच्या जोडीला प्रशिक्षकाचे टेबल आले. शिकाऊ वैमानिकाने धरलेला मार्ग तिथल्या नकाशावर रेषेने उमटत असे, त्यामुळे तो कुठे भरकटला हे रेषेवर बोट ठेवून सांगता येई.

गुणांवरून तयारी कळते का, हे गेममधली कृती कामातल्या कृतीशी किती जुळते यावर ठरते. फोर्कलिफ्ट, म्हणजे गोदामात माल उचलून नेणारी गाडी, मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर फिरतो आणि शेजारच्या रॅकला किंवा माणसाला लागू शकतो. खरे स्टिअरिंग आणि पेडल असलेल्या सिम्युलेटरवर हे सांभाळून वळण्याची सवय हाताला लागते. कीबोर्डची बाणांची बटणे दाबून पूर्ण गुण मिळवणाऱ्याला ती लागलेली नसते.

रुजू होण्याच्या पहिल्या दिवसांत तर आणखी एक उणीव जाणवते. गेममध्ये प्रश्न गेम विचारतो आणि उत्तरेही आधीच ठरलेली असतात. नव्या माणसाला मात्र स्वतःचे प्रश्न असतात: चूक झाली तर आधी कोणाला सांगायचे, अडले तर कोणाचे काम थांबवून विचारलेले चालेल. म्हणून गेम संपताच त्याच विभागातील जाणत्या सहकाऱ्याबरोबर बसण्याची वेळ वेळापत्रकातच राखून ठेवावी.