सुकट आणि दारफाळणीचा सण

गेल्या वर्षी, २०२५ साली, दसरा २ ऑक्टोबरला होता. आमच्या अलिबागच्या शाळूसोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून आपट्याच्या पानांचा पाऊस. दुपारी एकाने टाकलं, "आज आपल्या शनवार तेल्याची दारफाळणी. दार लावून सुकटीवर ताव मारतोय, सोनं द्यायला कसला बाहेर येतोय!" पटापट हसरे चेहरे पडले. त्यातला एक माझा.

ज्याची ही थट्टा, तो मित्र बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू. त्याचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले असं ते सांगतात. पुढे त्यांनी घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून शनवार तेली. आडनावं आपल्यासारखीच, गावाला 'कर' जोडून. सणांची जुनी नावंसुद्धा अशी की आपल्या आजीने ठेवली असावीत: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, दारं लावून घ्यायचा. आदल्या संध्याकाळपासून जवळजवळ २५ तास अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही. पांढरे कपडे, दिवसभर प्रार्थना, वर्षभराच्या चुकांची माफी. त्यांच्या तिश्री महिन्याचा हा दहावा दिवस. महिने त्यांचेही चंद्रावरचे, म्हणून कधीकधी आमच्या दसऱ्याशी गाठ पडते.

आणि सुकट, म्हणजे वाळवलेला जवळा! पर आणि खवले असलेलाच मासा त्यांना चालतो. कोळंबी, जवळा वर्ज्य. त्यांच्यात एक कथा सांगतात. डेव्हिड रहाबी नावाचा पाहुणा कोकणात आला, त्याने बायकांपुढे सगळ्या जातींचे मासे ठेवले, आणि त्यांनी बिनखवल्याचे तेवढे बाजूला काढले. त्यावरून त्याने आपली माणसं ओळखली. म्हणजे उपासाच्या दिवशी जेवण, तेही न चालणारं! विनोद करणाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. शेजारी राहून मलाही अर्धंच होतं.

"शिमग्यात आपण एकमेकांचा उद्धार करतोच की, तेव्हा नाही कोणाला लागत," असं नंतर एकजण म्हणाला. मला हे पटत नाही. शिमग्यात ज्याच्या दारात बोंब मारतो तो बाहेर येऊन आपल्या नावाने दुप्पट मारतो, आणि त्या दिवशी सरपंचसुद्धा सुटत नाही. त्यांच्यातही पुरीमच्या सणाला पोथी वाचताना ज्यूंच्या जिवावर उठलेल्या हामानाचं नाव आलं की लहानथोर दंगा करतात. त्या सणाला त्यांची जुनी माणसं होळीचा सणच म्हणत. थट्टेचं त्यांना वावडं नाही. पण इथे चाळीसजण एकाला हसत होते आणि त्याचा फोन कपाटात बंद होता.

सूर्यास्तानंतर त्याने उपास सोडला, फोन उघडला. आधी आपट्याच्या पानाचा फोटो, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." खाली, "सुकट आम्हाला चालत नाही रे, जिताडा पाठव." ग्रुप खूश! "बघा, त्याला काही वाटलं नाही," असा निकालही लागला. चाळीस माणसांत एकट्याने दुसरं काय लिहायचं असतं?

रात्री मी फोन केला. दसऱ्याचे निरोप आईला दाखवताना तो मजकूरही तिच्यापुढे आला, म्हणाला. दिवसभर पाण्याविना बसलेली बाई. तिने वाचलं, फोन पालथा ठेवला आणि ताटं घेतली. माझा हसरा चेहराही त्यात होता हे मी त्याला सांगितलं. "दिसला," एवढंच बोलला, आणि माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली.

यंदा दारफाळणी २१ सप्टेंबरला, ऐन गणपतीत आहे. दरवर्षी तो आमच्याकडे येतो आणि आई त्याच्यासाठी निवगऱ्या वेगळ्या काढून ठेवते. या वेळी मंगळवारी, दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्यांच्या शिळ्या सणाला, मी त्या त्याच्या घरी पोचवणार आहे. ग्रुपवर मात्र तो दसऱ्यापासून काहीच लिहीत नाही.